एक लाख अठरा हजारांचा कोर्स आणि दालमिलची खरेदीवही: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातील उदगीरचे आहे. जिच्याविषयी लिहितो आहे तिच्या परवानगीने तिचे नाव बदलले आहे. मिलचे आणि कोर्स विकणाऱ्यांचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत. रकमा मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण निवडीचे सगळे गणित त्यांच्यावरच उभे होते.

वैशाली ही माझी वाणिज्य शाखेची माजी विद्यार्थिनी. २०१७ साली बी.कॉम. झाल्यावर तिचे लग्न झाले. यजमान एसटीत वाहक आहेत आणि २०२३ साली मुलगा चार वर्षांचा होता. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला तेव्हा या घरात वैशालीचा नऊ हजारांचा पगार हाच काय तो आधार होता, आणि गाठीला असलेली रक्कम त्या महिन्यांत संपून गेली होती. पुढे घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागे ही आठवण होती, म्हणून ती आधीच सांगतो.

वैशाली एका दालमिलच्या कचेरीत टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीवर नोंदी करते. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, आलेल्या तुरीच्या पट्ट्या (खरेदीच्या चिठ्ठ्या), पोत्यांची आणि सुट्या भागांची बिले, गाडीभाडे हे सगळे ती संगणकात भरते. त्यापुढचे काम सत्तरीला आलेले दिवाणजी पाहतात. १८ जुलै २०२२ पर्यंत हे काम सरळ होते, कारण मिलचा माल करमुक्त होता. त्या दिवसापासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. मिल ठोक व्यापाऱ्यांना ३० आणि ५० किलोंची पोती विकते, ती करमुक्तच राहिली. किरकोळ विक्रीच्या लहान पिशव्या मात्र कराच्या कक्षेत आल्या. एकाच छताखालचा थोडा माल करपात्र आणि बाकीचा करमुक्त झाला, की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट प्रमाणातच घेता येते आणि तिचा हिशेब दरमहा मांडावा लागतो. दिवाणजींची खतावणी आजही निर्दोष असते, परंतु जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरचे विवरण उघडून आपल्या खरेदीवहीशी ताडून पाहणे त्यांना जमत नव्हते आणि ते शिकण्याचे त्यांचे वयही राहिले नव्हते.

जानेवारी २०२३ मध्ये मालक वैशालीला म्हणाले, ‘हे पोर्टलचं काम तुम्ही शिकून घ्या, मग बघू.’ या ‘मग बघू’चा अर्थ तिने पगारवाढ असा घेतला. मालकांच्या मनात नेमके काय होते, हे त्या वेळी तिने विचारले नाही आणि पुढे मीही विचारायला सांगितले नाही.

अडचण कशी उभी राहिली

पोर्टलचे काम कुठे शिकावे याचा शोध चालू असताना पुण्यातील धाकट्या दिराने तिला सुचवले, की वहिनी, शिकायचेच असेल तर डेटा सायन्स शिका, हिशेबाच्या कामाला पुढे काही राहणार नाही. त्याच आठवड्यात मोबाइलवर एका नऊ महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात आली. तिने एक मोफत वेबिनार पाहिला, त्यासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला, आणि पुढील चार दिवसांत तिला अकरा फोन आले. फोन करणारी व्यक्ती स्वतःला काउन्सेलर म्हणवत होती. वैशालीला किती वेळ असतो, घरी संगणक आहे का, इंग्रजी व्याख्याने समजतात का, यांपैकी एकही प्रश्न त्या अकरा फोनमध्ये आला नाही. संगणक नसल्याचे तिने आपणहून सांगितले तेव्हा ‘मोबाइलवरही चालतं, मॅडम’ एवढे उत्तर मिळाले.

फी एक लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,१८,००० रुपये. सवलत त्याच रात्री बारापर्यंत असल्याचे सांगितल्यामुळे वैशालीने ‘सीट राखण्यासाठी’ ५,००० रुपये यूपीआयने भरून टाकले. उरलेल्या १,१३,००० रुपयांसाठी बिनव्याजी म्हणवला जाणारा २४ हप्त्यांचा प्रस्ताव होता. एक हप्ता सुमारे ४,७०० रुपयांचा, म्हणजे तिच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक. कर्ज एका वित्तसंस्थेचे होते, सहकर्जदार म्हणून यजमानांचे नाव होते, आणि मोबाइलवर सही करण्याची लिंक येऊन पडली होती. जून २०२३ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी दोघे माझ्याकडे आले तेव्हा ती लिंक उघडी होती, आणि यजमानांचा प्रश्न एवढाच होता, ‘सर, करू का सही?’

पहिला निर्णय: सही आज करायची का

त्या संध्याकाळी कोर्स चांगला की वाईट यावर आम्ही बोललो नाही. आधी कर्जाचे कागद वाचले. अशा व्यवहारात दोन वेगवेगळे करार असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिकवण्याचा करार कोर्स देणाऱ्या कंपनीशी असतो आणि पैसे फेडण्याचा करार वित्तसंस्थेशी. कर्जाची रक्कम परस्पर कंपनीकडे जाते. विद्यार्थ्याने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ते त्याच्या खात्यातून कापले जात राहतात, आणि ते थकले तर पत बिघडते ती विद्यार्थ्याची. फी परत मिळण्याची मुदत सात दिवसांची होती, आणि ती बॅच सुरू झाल्यापासून नव्हे तर नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाणार होती. बॅच मात्र वीस दिवसांनी सुरू होणार होती. म्हणजे पहिला तास ऐकण्याआधीच परतीचा मार्ग बंद होत होता.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी अशा कंपन्यांविषयी नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली होती. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची मुभा टाळावी, अटी नीट वाचाव्यात आणि जाहिरातीतील यशोगाथांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे तिच्यात सांगितले आहे. शिवाय त्या वेळी लागू असलेल्या, रिझर्व्ह बँकेच्या २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार, कर्ज घेतल्यावरही सुरुवातीच्या ठरावीक अवधीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ही सोय मी त्यांना सांगितली. तिच्या भरवशावर सही करावी, असे मात्र मला वाटले नाही. एक लाख तेरा हजारांचे मुद्दल कंपनीकडून परत यायला वेळ लागला तर ते पदरचे भरण्याची या घराची ऐपत नव्हती.

सही झाली नाही. यजमानांना हायसे वाटलेले दिसत होते, वैशाली मात्र नाराज होती. ‘दर वेळी माझंच थांबायचं का?’ असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे रास्त होते. सल्ला देणारा माणूस नको म्हणून मोकळा होतो. शिकण्याची गरज मात्र तशीच उरते.

दुसरा निर्णय: गरज नेमकी कोणती

तिला मी एका कागदावर स्वतःची गरज लिहायला सांगितली. तिने लिहिले, ‘मला डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचे आहे.’ माझ्या अनुभवात पहिल्या बैठकीत लिहिलेली गरज बहुधा जाहिरातीच्या भाषेत असते. ती खोटी नसते, पण ती दुसऱ्याने शिवलेल्या मापाची असते. म्हणून तिला दोन कामे दिली. उदगीर, लातूर आणि अहमदपूर या भागातील नोकरीच्या जाहिराती महिनाभर पाहायच्या, आणि मिलमध्ये आपण कुठे अडतो याची रोज एका ओळीत नोंद ठेवायची.

जाहिराती पाहताना तिला टॅली, जीएसटी आणि एक्सेल हे तीन शब्द सतत भेटले. डेटा अ‍ॅनालिस्टची एकही जागा या पट्ट्यात सापडली नाही. अशा जागा पुण्यात आहेत, परंतु यजमानांची नोकरी उदगीर आगारात, सासूबाई मुलाला सांभाळणाऱ्या, आणि स्थलांतराचा विचार घरात कुणीच केलेला नव्हता. तिच्या दिराचा सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ज्याला पुण्यात राहायचे आहे, ज्याच्याकडे संगणक आहे आणि आठवड्याला पंधरा तास मोकळे आहेत, त्याच्यासाठी तो कोर्स कदाचित योग्यही ठरला असता.

अडचणींची नोंदवही अधिक बोलकी निघाली. पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेली बिले आणि मिलच्या खरेदीवहीतील बिले जुळवताना होणारी दमछाक तिच्यात वारंवार आली होती. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे मासिक विवरणपत्र भरायचे असते. या सहा दिवसांत ती आणि दिवाणजी छापील कागदावर पेन्सिलीने खुणा करत बसत, आणि तरीही उरलेला गुंता लातूरच्या सीएंकडे जाई. तिची खरी गरज एका ओळीत मावली: दोन याद्या संगणकावर जुळवता येणे, आणि न जुळलेल्या बिलाचे कायद्याने काय करायचे हे कळणे. त्यातला अर्धा भाग स्प्रेडशीटचा होता आणि अर्धा कायद्याचा.

वेळेचा हिशेब

आठवड्याला किती तास देता येतील, या प्रश्नाला तिने ‘पंधरा’ असे उत्तर दिले होते. तीन आठवडे घड्याळ लावून नोंद ठेवल्यावर सरासरी साडेसहा तास निघाली. रात्री साडेनऊ ते अकरा, तेही आठवड्यातून तीन दिवस, आणि रविवारी दुपारी मुलगा झोपला की दोन तास. यजमान मुक्कामी गाडीवर असतील त्या दिवशी शून्य. अकरा ते वीस तारखेच्या दरम्यान, विवरणपत्रांच्या धामधुमीत, जवळजवळ शून्य.

डेटा सायन्सच्या माहितीपत्रकात आठवड्याला पंधरा तास गृहीत धरले होते. नऊ महिन्यांचे सुमारे ३९ आठवडे धरले तर ५८५ तास होतात. साडेसहा तासांच्या गतीने त्यांना ९० आठवडे, म्हणजे पावणेदोन वर्षे लागली असती. व्याख्याने पाहण्याची मुदत मात्र बारा महिन्यांची होती. हा भागाकार कागदावर मांडून झाल्यावर वैशालीने स्वतःच तो कोर्स यादीतून काढला. माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक झाला.

समोर असलेले पर्याय

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. करणे हा पहिला पर्याय होता. पदवी मान्यताप्राप्त आणि खर्च आवाक्यातला, पण दोन वर्षे जाणार आणि खरेदीवही जुळवण्याची अडचण तिथेच राहणार. तो पुढे ढकलला.

गावातला टॅली-जीएसटीचा क्लास हा दुसरा. फी ८,५०० रुपये, वेळ संध्याकाळी चार ते सहा. मिल साडेसहाला सुटते, म्हणून तो आम्ही पाच मिनिटांत बाजूला केला. ही घाई होती, तिच्याकडे नंतर येतो.

तिसरा पर्याय माझ्या मनातला होता. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर वाणिज्य, लेखा आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत. शिकणे मोफत आहे, आणि आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमामार्फत चालणाऱ्या अभ्यासक्रमाची परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये शुल्क पडते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. प्राध्यापक म्हणून मला या व्यवस्थेविषयी आदर आहे, आणि नेमक्या त्याच आदराने माझी दृष्टी थोडी झाकली गेली. व्याख्याने इंग्रजीत होती. वैशालीने चाळीस मिनिटांचे एक व्याख्यान थांबवत, मागे नेत, शब्द शोधत ऐकले, त्याला एक तास पन्नास मिनिटे लागली. तेवढ्याच लांबीचा हिंदी पाठ तिने पंचावन्न मिनिटांत टिपणांसह पुरा केला.

परीक्षेच्या वेळा पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली. जुलै सत्राच्या परीक्षा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये येतात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, आणि दिवाळीत एसटीच्या जादा गाड्यांमुळे यजमानांना सुट्टी मिळण्याची शक्यता नव्हती. जानेवारी सत्राच्या परीक्षा एप्रिलच्या सुमारास. तेव्हा मिलमध्ये नव्या तुरीचा हंगाम आणि मार्चअखेरचा हिशेब एकदम अंगावर येतात. शहरी विद्यार्थ्याला या तारखा निरुपद्रवी वाटतील, पण मोंढ्यावर जगणाऱ्या घराला त्या दोन्ही वर्ज्य होत्या. मग प्रमाणपत्र हवेच आहे का, हा प्रश्न आला. मिलचे मालक प्रमाणपत्र मागणार नव्हते, त्यांना विवरण जुळलेले हवे होते. म्हणून परीक्षेचा नाद सोडला.

उरला तो जोड-पर्याय: स्प्रेडशीट मराठीतून मोफत शिकायचे आणि जीएसटीसाठी एक लहान, हिंदीतील, रेकॉर्ड केलेला कोर्स विकत घ्यायचा.

प्रत्यक्ष कृती

स्प्रेडशीटसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिब्रेऑफिस कॅल्कचे पाठ निवडले. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर कृती आणि कानावर मराठी निवेदन, आणि पाठ थांबवून लगेच तीच कृती स्वतः करून पाहायची अशी त्यांची रचना आहे. साडेसहा तासांच्या आठवड्यात दीड तासाचे व्याख्यान मावत नाही, दहा मिनिटांचा पाठ मावतो. पाठ उतरवून घेता येत असल्यामुळे वीज किंवा नेटवर्क गेले तरी काम अडत नव्हते. लिब्रेऑफिस मोफत आहे, आणि त्यात शिकलेली बहुतेक सूत्रे मिलच्या जुन्या एक्सेलमध्ये तशीच चालतात.

स्प्रेडशीट मोबाइलवर शिकता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात उघड झाले. अंगठ्याने चौकट निवडता निवडता पाठ पुढे निघून जाई. यजमानांनी १४,००० रुपयांत एक जुना लॅपटॉप आणला. ऑनलाइन कोर्सच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही, आम्हीही धरला नव्हता.

जुलै-ऑगस्टमध्ये कॅल्क झाले. सराव तिने मिलच्या जुन्या महिन्याच्या यादीवर केला. मालकांची परवानगी घेऊन पुरवठादारांची नावे काढून टाकली होती. पहिल्या जुळवणीत ६४ बिलांपैकी २३ जुळली नाहीत आणि ती घाबरून माझ्याकडे आली. एकेक बिल उघडून पाहिले तेव्हा खरोखर गहाळ असलेली तीनच होती. बाकीच्यांत कुठे पुरवठादाराने बिल क्रमांकात तिरकी रेघ वापरली होती तर वैशालीने आडवी, कुठे क्रमांकाआधीची शून्ये गळली होती, तर कुठे शेवटी एक रिकामी जागा राहिली होती. संगणकाच्या दृष्टीने ती वेगवेगळी बिले होती. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. बिदरकडून घेतलेल्या पोत्यांच्या दोन बिलांवर तिने नोंद करताना २७ टाकले होते, तेही याच वेळी सापडले. नोंद करण्याची शिस्त कशासाठी असते, हे मी तिला वर्गात तीन वर्षे सांगितले होते. ते तिला या २३ ओळींनी एका रात्रीत पटवले.

मध्येच झालेली चूक

जीएसटीचा कोर्स ३,५०० रुपयांचा होता. तो तिने जुलैअखेर एका सवलतीत घेऊन ठेवला आणि प्रत्यक्ष उघडला सप्टेंबरमध्ये. परतीची मुदत सात दिवसांची. एक लाख अठरा हजारांच्या वेळी जी घाई आम्ही टाळली, तीच साडेतीन हजारांच्या वेळी केली, आणि ‘घेऊन ठेव’ असे म्हणणारा मीच होतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर सप्टेंबरचे विवरण तयार करताना एका पुरवठादाराचे बिल २बीमध्ये दिसत नव्हते. कोर्समध्ये शिकवले होते, की अशा बिलांवरही एकूण पात्र वजावटीच्या ५ टक्के मर्यादेपर्यंत तात्पुरती वजावट घेता येते. तिने तशी ती मांडली. सीएंनी यादी पाहून फोन केला, ‘ताई, ही सवलत १ जानेवारी २०२२ पासून राहिलेली नाही. २बीत नाही तर वजावट नाही.’ शोध घेतल्यावर कळले, की कोर्सचे पाठ २०२१ मध्ये रेकॉर्ड केलेले होते. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलाची, उलाढाल-मर्यादा त्यात ५० कोटी सांगितली होती. प्रत्यक्षात १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली होती आणि या मिलच्या करपात्र विक्रीला लागू झाली होती. डाळीच्या पिशव्यांवरचा १८ जुलै २०२२ चा बदल, ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले, तो तर कोर्समध्ये असणे शक्यच नव्हते.

विक्रीच्या पानावर साडेचार तारे होते आणि अभिप्राय उत्तम होते. अभिप्राय खोटे नसावेत. ज्यांनी ते २०२१ मध्ये लिहिले त्यांच्यासाठी कोर्स अचूक होता. इतिहासाचा किंवा गणिताचा पाठ दोन वर्षांत शिळा होत नाही, कराचा होतो. कोर्सची लांबी, भाषा आणि किंमत आम्ही पाहिली; तो रेकॉर्ड कधी केला हे पाहिले नाही.

पैसे परत मागण्याची मुदत गेली होती. विवरणपत्र कसे भरायचे, कोणत्या रकान्यात काय येते, हे पाठ अजूनही उपयोगी होते, ते ठेवले. वजावटीचा भाग वगळून त्या जागी जीएसटी पोर्टलवरील मार्गदर्शिका आणि अर्थ मंत्रालयाने १७ जुलै २०२२ रोजी काढलेली प्रश्नोत्तरे वाचली. ती इंग्रजीत असल्याने दोन रविवार आम्ही एकत्र बसलो. २५ किलोंचे एकच पोते करपात्र, त्याहून जड पोते करमुक्त, पण किरकोळ ग्राहकासाठी दहा-दहा किलोंच्या दहा पिशव्या एका मोठ्या पोत्यात घातल्या तर ते करपात्रच, अशी उदाहरणे त्यात आहेत. शेवटचे उदाहरण वाचून वैशाली म्हणाली, ‘सर, असं पॅकिंग आम्ही दिवाळीत करतो.’ ही गोष्ट तिने दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितली. आपल्या कामाच्या खोलीत तिचे वजन वाढले ते त्या दिवशी, असे दिवाणजींनी मला नंतर सांगितले.

निष्पत्ती

जानेवारी २०२४ पासून जुळवणी वैशाली एकटी करते. १४ तारखेला विवरण आले की १६ पर्यंत न जुळलेल्या बिलांची यादी पुरवठादारांकडे जाते, आणि सीए फक्त तपासणी करतात. दिवाणजी अर्धा दिवस येतात.

खर्चाची बेरीज अशी: लॅपटॉप १४,०००, कोर्स ३,५०० आणि सीट राखण्याचे बुडालेले ५,०००, एकूण २२,५०० रुपये. एप्रिल २०२४ मध्ये पगार ९,००० वरून १२,५०० झाला. वाढलेल्या साडेतीन हजारांत हा खर्च सहा-सात महिन्यांत भरून निघतो. तरीही ही निष्पत्ती मी यशस्वी म्हणून मांडायला कचरतो. तिने दिवाणजींच्या कामाचा अवघड भाग उचलला आहे आणि हजेरीपुस्तकात ती अजून ‘ऑपरेटर’च आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लातूरच्या एका कार्यालयात तिने अर्ज केला तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते, म्हणून तिने नावे काढलेली आपली जुळवणीची फाइल दाखवली. काम त्यांना आवडले, पण देऊ केलेला पगार ११,००० होता आणि उदगीर-लातूर रोजचे जाणे-येणे वेगळे. तिने नकार दिला. प्रमाणपत्र असते तर आकडा वेगळा असता का, हे सांगता येणार नाही. मात्र ‘प्रमाणपत्राची गरज नाही’ हा निष्कर्ष आम्ही एकाच मालकाकडे पाहून काढला होता, एवढे खरे.

वेगळे काय करता आले असते

त्या पाच हजारांसाठी पहिल्याच संध्याकाळी कंपनीला ई-मेल पाठवायला हवा होता. आम्ही फोन करत राहिलो, फोनवर प्रत्येक वेळी नवी व्यक्ती ‘दोन दिवसांत कळवते’ म्हणाली, आणि लेखी पुरावा काहीच तयार झाला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला ठाऊक होता. तक्रार नोंदवण्याचे आज-उद्या करत राहून गेले. रक्कम लहान म्हणून सोडली असे मी त्या वेळी म्हणालो, पण तिच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक असलेल्या रकमेला लहान म्हणणे माझ्या खुर्चीवरूनच सोपे होते.

गावातल्या क्लासविषयीची घाईही महाग पडली. त्या क्लासची रविवारी सकाळी एक बॅच असते, हे सप्टेंबरमध्ये योगायोगाने कळले. तिथले सर दर महिन्याला स्वतः विवरणपत्रे भरतात, त्यामुळे त्यांच्याकडे २०२१ चा नियम २०२३ मध्ये शिकवला गेला नसता. ऑनलाइन कोर्स निवडायचा असे एकदा ठरले, की ऑफलाइन पर्याय फक्त बाद करण्यापुरते पाहिले जातात. आमच्याकडून तेच झाले.

‘स्वयम्’च्या इंग्रजी व्याख्यानांवर गेलेले तीन आठवडे माझ्या नावावर जमा करावे लागतील. नमुन्याचा एक पाठ आधी आणि शिफारस नंतर, हा क्रम मी उलटा केला होता.

पगाराचे बोलणे कोर्सच्या आधी व्हायला हवे होते. काम शिकून झाल्यावर मालकाला ते फुकट मिळालेलेच असते. शिकण्याआधी मात्र लातूरच्या सीएंना दरमहा किती जातात आणि त्यातले किती वाचतील, हे आकडे समोर ठेवून बोलता आले असते. ‘मग बघू’ या दोन शब्दांवर तिने बावीस हजार रुपये आणि सहा महिन्यांच्या रात्री लावल्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये मालकांनी तिला ई-इनव्हॉइस आणि वार्षिक विवरणपत्राचे कामही शिकून घ्यायला सांगितले. या वेळी तिने तीन कोर्स पाहून ठेवले, प्रत्येकाच्या पाठांची रेकॉर्डिंगची तारीख विचारून घेतली, रविवारच्या बॅचची फीही काढली, आणि मग मालकांना वाढ किती देणार ते विचारले. दसऱ्यानंतर सांगतो, असे उत्तर मिळाले. तोपर्यंत तिने कुठेही पैसे भरलेले नव्हते.